शेवटची पंगत

आमच्या इमारतीच्या सत्यनारायणाच्या जेवणात अध्यक्ष पहिल्याच पंगतीला बसले. पाचवी जिलबी मागताना त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलेला पाक पाहून मला शिसारी आली. सकाळपासून राबलेल्या चार मुली उपाशीपोटी वाढत होत्या आणि पातेल्यांचे तळ दिसू लागले होते.

शिसारी थोडी स्वतःचीही होती. तिशीत मी महिला मंडळाची अध्यक्ष होते. काय तो थाट! मीही पहिल्या पंगतीला बसून "बायांनो, शिस्त!" म्हणून ओरडायचे. एकदा ढेकर देत उठले, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या गंगूबाई म्हणाल्या, "अध्यक्षीणबाई, आता आम्ही काय शिस्त खायची?" पातेल्यात नुसती खरवड उरली होती. त्यानंतर मी वाढायला लागले. वाकून वाढताना कुणाच्या पानात काय नाही ते दिसतं. इतकी भाषणं ठोकली, पण ते मला कधी दिसलं नव्हतं.

अध्यक्ष हात धुऊन आले. मी मुलींना बसवलं, उरलेल्या चार जिलब्या त्यांच्या पानांत ठेवल्या आणि वरणाचं ओगराळं अध्यक्षांच्या हाती दिलं.

"आजी, मी?"

"मग कोण, सत्यनारायण?"

त्यांनी कंबर न वाकवता इतकं वरून वाढलं, की वरण त्यांच्याच रेशमी झब्ब्यावर उडालं. मुली खदखदून हसल्या. मी मात्र झब्बा पुसायला त्यांना फडकं दिलं. माझी पहिली पैठणी अशीच गेली होती.