सदाच्या खोंडांची जर्मन

यशवंताचा फोन आला तेव्हा मी अंगणातल्या नळावर पाय धूत होतो. "आवं, दादा गेला," एवढंच म्हणाला. दादा म्हणजे सदाशिव, त्याचा थोरला भाऊ आणि सांगलीच्या वसतिगृहात माझ्या खोलीतला जोडीदार. महिना होत आला त्याला. जन्मभर मी त्याची चेष्टा केली, पण मनातून त्याच्यापुढं कायम हात जोडूनच उभा होतो. हे त्याला कधी सांगितलं नाही, म्हणून आता इथं सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या कॉलेजात दुसरी भाषा म्हणून जर्मन घेता येई, तीही अगदी मुळाक्षरांपासून. मी साताऱ्याचा, इंग्रजी बरं असल्याच्या तोऱ्यात नाव घातलं. सदा म्हसवडच्या पलीकडचा, इंग्रजीत कच्चा. तू का घेतलीस विचारलं तर म्हणाला, "हितं कुणालाच येत न्हाई, तवा आपुन मागं न्हाई." तर्क बिनतोड होता, पण वर्गात उभं केलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. कसाबसा एखादा शब्द बाहेर पडला की अख्खा वर्ग हसायचा, आणि सगळ्यात मोठ्यानं मी.

सहामाहीच्या तोंडी परीक्षेत तो एक अक्षर बोलला नाही. जर्मनच्या बाई म्हणाल्या, "सदाशिव, तुझं लिहिणं चांगलं आहे. पण भाषा रोज कुणाशी तरी बोलायला हवी." त्यातून घरचं फर्मान होतं: एका विषयात जरी गचकलास तरी शिक्षण बंद, थेट पलटणीत भरती. त्याचे वडील, आबा, महायुद्धात इटलीत लढलेले हवालदार. शब्द फिरवणारा माणूस नव्हे. सदाला तर शिकायचंच होतं, दुसरं काही नकोच होतं. दिवाळीच्या सुट्टीला निघताना एसटी स्टँडवर तो म्हणाला, "बोलू कुणासंगं, गड्या? समदी हसत्यात." मी गाडीची पाटी वाचत बसलो.

सुट्टीत मी त्याच्या गावी गेलो, तर हा रानात. दोन नव्या खिलार खोंडांना औत ओढायला शिकवत होता, आणि तेही जर्मनमधून. 'लोस' म्हणजे चला, 'हाल्ट' म्हणजे थांबा, 'लांगझाम' म्हणजे हळू. बांधाशी वळताना तो त्यांना आपलं नाव, गाव, घरात माणसं किती, विहिरीला पाणी किती, सगळं जर्मनमध्ये सांगे. चुकला की थांबून वाक्य पुन्हा म्हणे, आणि खोंडं कान हलवत ऐकत उभी. मला पाहून लाजला नाही. "बैल हसत न्हाईत, गड्या," म्हणाला. मला कुठं बघावं ते कळेना.

खरा घोटाळा पुढंच झाला. सुट्टी संपवून सदा सांगलीला आला आणि आबांनी औत हाती घेतलं. खोंडं जागची हलेनात. आबांनी चुचकारलं, आसूड वाजवला, सात पिढ्या उद्धरल्या... मराठीतून औत ओढायचं असतं हे त्या जनावरांना ठाऊकच नव्हतं. आठवड्याच्या आत कार्ड आलं: "बैलांस काय म्हणावयाचे ते लिहून पाठवणे. रान पडून आहे." सदानं तीन शब्द ठळक अक्षरांत लिहून धाडले. ज्यांच्या गोळ्या चुकवत आबा इटलीच्या चिखलात सरपटले होते, त्यांची भाषा ते माणदेशातल्या रानात ओरडू लागले.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. "तुमच्या गावाबद्दल सांगा," त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. दाराबाहेर मीच जास्त घाबरलो होतो. मग सदा बोलू लागला, खोंडं, विहीर, आबांचं कार्ड... आणि बोलतच राहिला. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. आपल्याबरोबरच कोरी पाटी घेऊन बसलेला मुलगा इतका पुढं गेलेला मी प्रथमच पाहत होतो. आबांनी भरतीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी काठावर पास झालो आणि जर्मन सोडली. सदानं पुढं तीस वर्षं तीच भाषा सांगलीत शिकवली. नव्या वर्गाला पहिल्या दिवशी एकच सांगायचा: "खुशाल चुका, मी हसणार न्हाई."

तेराव्याला गावी गेलो. जेवणं उरकल्यावर यशवंता मला रानाकडं घेऊन गेला. ट्रॅक्टर आला तरी त्यानं एक जोडी ठेवली आहे. माणसांच्या वर्दळीनं बैल बिथरले होते, दाव्याला हिसके देत होते. त्यानं एकाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "लांगझाम... लांगझाम."

"अर्थ ठाऊक आहे का रे?" मी विचारलं.

"आबा म्हनायचं, मी म्हनतो. बैलाला कळतंय न्हवं?"

दुसरा बैल अजून फुरफुरत होता. पन्नास वर्षांत मी त्या भाषेतला एक शब्दही कुणादेखत उच्चारला नव्हता. पुढं झालो, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि सदाचा तो शब्द म्हणालो. उच्चार चुकला असणार.

बैल हसला नाही.