ओलं फडकं आणि आईची शपथ

मुरबाडहून कल्याणला काळी-पिवळी जीप नेणाऱ्या कान्हाच्या पायाला आधीच भिंगरी, त्यात फोन बिघडला. मग काय विचारता! माणूस धड जेवेना, धड बसेना. फोन त्याचा खरा, पण कामाला यायचा तो आईच्या. आईची, म्हणजे बाईजाची, धाकटी लेक कुणाली गुजरातेत दिलेली, तिला सहा महिन्यांचं बाळ. रोज संध्याकाळी म्हातारी फोनात नातवाचं तोंड बघायची आणि मगच भाकरीला हात लावायची. घेताना दुकानदाराने फोनवर पेलाभर पाणी ओतून दाखवलं होतं, पाण्यानं काही होत नाही म्हणून, तेव्हा कुठे कान्हाने एवढा महागाचा फोन उचलला. आणि ऐन वैशाखात, आभाळात ढग नसताना, त्याचा पडदा काळा ठिक्कर पडला!

कल्याणच्या सर्व्हिस सेंटरात शीतल नावाच्या मुलीने फोन उघडून आतली लाल झालेली खूण दाखवली. "दादा, पाणी गेलंय आत. वॉरंटीत बसत नाही."

"अगो बाय, पान्यानं काय होत नाय म्हनून इकलात, न् आता पानी गेलं म्हनून हात वर? ही कुठली रीत?"

"कार्डावर बारीक अक्षरात लिहिलंय, दादा."

"ती बारीक अक्षरं काय उंदरांनी वाचायची? आयची शपथ घिऊन सांगतो, या फोनाला पान्याचा थेंब लागला नाय!"

कान्हाच्या गावात आईची खोटी शपथ कोणी घेत नाही. घेतली तर आईच्याच जिवाला लागते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. शीतललाही त्याचा कळवळा आला. खूण कधी दमट हवेनेही लाल होते म्हणत, पाणी लागलं नाही असं तिने अर्जात लिहिलं आणि अर्ज पुढे पाठवला. पंधरा दिवसांनी निरोप आला: कंपनीने मानलं, शनिवारी नवा फोन घेऊन जा.

कान्हा उड्या मारतच घरी आला. "आये, जिकलो! पानी लागलंच नाय म्हनून ठासून सांगितलं."

बाईजाचा भाकरी थापणारा हात थांबला. "लागलं नाय कसं? मीच तर रोज ओलं फडकं गुंडालायची."

"काय?"

"आरं, बोलता बोलता किती तापायचा तो! आतल्या बाळाला धग लागंल म्हनून. आपुन पान्याची बाटली नाय का गुंडालत? तशी. पान्यानं काय होत नाय, तूच म्हनला व्हतास."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं? तेवढ्यात म्हातारी खोकली. चुलीचा धूर, दुसरं काय? पण कान्हाला ती शपथ आठवली.

शुक्रवारभर त्याने उतारूंचे शिव्याशाप खाल्ले. गाव वाटेवरच, म्हणून दर खेपेला जीप उभी करून हा आईला बघायला पळायचा. म्हातारी ठणठणीत. "मेल्या, माज्या तोंडाकडं काय बघतोस सारखा?" कान्हा मनाशी भांडत होता. ओल्या फडक्याने मरणारा फोन विकला, चूक कंपनीचीच! होतीच चूक. पण शपथ याने घेतली होती, आणि तीही नसत्या तोऱ्यात. स्वतःच्या जिभेचा त्याला भयंकर राग आला.

शनिवारी शीतलने नवा खोका पुढे सरकवला. "सही करा, दादा."

कान्हाने हात मागे घेतला. "पैलं ते लिवलंस ते खोड. पानी लागलं व्हतं. आय ओलं फडकं गुंडालायची. मला ठावं नव्हतं."

"खोडलं तर हा फोन परत जाईल." तिने इकडेतिकडे पाहिलं. "राहू दे ना. कोणाला कळणार आहे?"

"खोड गो बाय."

तिने खोडलं. मेलेला फोन खिशात घालून तो घरी आला आणि आईपुढे बसून सगळं भडाभडा बोलून मोकळा झाला. कितीतरी दिवसांनी त्याचा जीव थाऱ्यावर आला होता.

बाईजा रागावली नाही. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"माज्या जिवासाठी नवा फोन सोडलास ना रे," ती म्हणाली. "पन कान्हा, बाळाला आता दात आला आसंल. मी जगून बघू काय?"