उसाला गेलेल्यांची माळ

आईची वाचा गेली त्या आठवड्यात मी देवाशी कडाकडा भांडले. तसं आमचं फारसं कधी जमलेलं नव्हतंच. पुण्यात पोस्टात सारी नोकरी केली, घरात देव्हारा मांडला, पण दिवा लावताना माझं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे. आईचं तसं नव्हतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत ती रोज सकाळी माळ घेऊन बसत होती आणि अशा बाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं पार थांबलं. जिनं जन्मभर बोलून बोलून पोरं शिकवली, तिची वाचाच बरी सापडली तुला, असं बीडच्या दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी त्याला विचारलं. डॉक्टर भला माणूस होता. जीव वाचला हेच खूप समजा, बोलण्याची आशा धरू नका, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आई शिरूर कासारजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत बाई होती. घर शिरूरला, वडिलांची पिठाची गिरणी, आणि आई रोज पायी शाळेला जायची. दसरा झाला की वस्तीवर ट्रक लागायचे आणि आई-बापांबरोबर अर्धा वर्ग ऊस तोडायला निघून जायचा. आई त्या पोरांची नावं हजेरीतून काढायची नाही. रोज एकेक नाव मोठ्यानं घ्यायची आणि राहिलेली पोरं एका सुरात उत्तर द्यायची, "उसाला गेली, बाई!" एकदा तपासणीला आलेले साहेब हसून म्हणाले, "बाई, नसलेल्यांची कसली हजेरी घेता?" आई म्हणाली, "असलेली दिसतातच की, साहेब."

घरी तिची माळ चालायची, तीसुद्धा तशीच. एका मण्याला एक नाव, पण देवाचं नव्हे, उसाला गेलेल्या पोराचं. लहानपणी मला ते कळलं तेव्हा मी रुसूनच बसले. आईच्या माळेत माझं नाव नाही म्हणजे काय! ती माझी वेणी घालता घालता म्हणाली, "जी हजर हाय तिला कावून हाक मारायची? तू तर माझ्या समोर बसलीस." मला ते उत्तर मुळीच पटलं नव्हतं. शिवाय, "देवाचं नाव कुठंय यात?" असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "ही पोरं दुसऱ्या कुणाची हायेत का?"

माळेतला पहिला मणी कायम एकाच मुलीचा, द्वारकाचा. ती माझ्याच वयाची. एका वर्षी तिचे आई-वडील तिला घेऊन कर्नाटकाच्या बाजूला ऊस तोडायला गेले आणि ते कुटुंब पुन्हा वस्तीवर परतलंच नाही. दर उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या, की आई कपिलधारला, डोंगरातल्या धारेजवळच्या देवळात जायची आणि देवापुढे उभी राहून "सगळी आली" असं सांगून यायची. द्वारका गेल्यापासून मात्र ती म्हणायची, "एक यायची हाय." निवृत्त झाल्यावरही तिनं हे सोडलं नाही. वस्तीवर जाऊन यंदा कोण कोण उसाला चाललंय ते विचारून यायची, वहीत नावं उतरवायची आणि माळ सुरू. पहिली द्वारका, मग बाकीची. पन्नास वर्षं होत आली या गोष्टीला. मी चिडून म्हणायचे, ती पोर आता आजी झाली असेल, तुला ओळखणारसुद्धा नाही. आई हसायची आणि पुढचा मणी ओढायची.

तर दवाखान्यात मी तिची माळ तिच्या डाव्या हातात दिली, तिच्या कानाशी बसून "नमः शिवाय, नमः शिवाय" म्हणू लागले. एवढी भाविक बाई, देवाच्या नावानं हिला बरं वाटेल, असा माझा हिशेब. तिनं माळ भिरकावून दिली. दुसऱ्या दिवशी दिली, पुन्हा भिरकावली. तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, हिचासुद्धा देवावरचा विश्वास उडाला. खरं सांगते, त्या वेळी मी पार खचले. माझा विश्वास नव्हता ते चालून गेलं होतं, कारण घरात एकीचा तरी होता.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं माळ तिसऱ्यांदा फेकली आणि माझा तोल गेला. "देवाचं नाव नको, मग काय घेऊ गं? द्वारका म्हणू का?" असं मी वैतागून मोठ्यानं बोलले.

शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण होती. तिची सासू खाली बसून डब्यातली भाकरी मोडत होती. उन्हानं रापलेली, हातांना घट्टे पडलेले, कपाळाला आडवं गोंदण. तिनं मान वर करून विचारलं, "मला कावून हाक मारली, ताई?"

मी म्हटलं, "तुम्हाला नाही हो. आमच्या आईच्या शाळेतली एक मुलगी होती, तिचं नाव."

"कंची शाळा?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. ती भाकरी तशीच डब्यात टाकून उठली. आईच्या खाटेपाशी आली, वाकून तिचा चेहरा बघत राहिली. मग हात पदराला पुसले, सरळ उभी राहिली, अगदी वर्गात पोरं राहतात तशी, आणि म्हणाली, "हजर हाय, बाई."

आईनं मान फिरवली. तिचे ओठ हलले. आधी नुसता घोगरा आवाज आला, मग फुटका, ओढत ओढत एक शब्द आला. "कुठं?"

"उसाला गेलते, बाई." आणि द्वारकाबाईचा बांध फुटला. "बाप तिकडंच वारला. मायनं तिकडंच लगीन लावलं. मंग कोयता काय हातातून सुटला न्हाई, बाई."

आई तिच्याकडे बघत होती. पुन्हा ओठ हलले. "लई... उशीर... केलास."

मी रडत होते आणि हसतही होते. डॉक्टर धावत आले, तपासलं, कधी कधी असं होतं म्हणाले. होत असेल. मी त्यावर वाद घालत नाही. द्वारकाबाईच्या सुनेला वाटेत कळा सुरू झाल्या म्हणून त्यांना बीडला उतरावं लागलं होतं, नाहीतर त्या त्याच दिवशी टोळीबरोबर पुढे निघून जाणार होत्या. रिकामी खाट तेवढी आमच्या शेजारचीच होती. हे कुणी जुळवलं ते मला कुणी विचारू नये. जिन्यात उभी राहून ज्याला मी नाही नाही ते बोलले होते, त्याला मी त्या संध्याकाळी त्याच जिन्यात जाऊन हात जोडले.

पुढचे आठ दिवस तर बघण्यासारखे होते. आईनं द्वारकाबाईला विचारलं, "वाचता... येतं?" तिनं नाही म्हणून मान हलवली. फक्त स्वतःचं नाव लिहिता येत होतं, तेवढं शिकूनच ती गेली होती. झालं! आईनं मला पाटी आणायला पिटाळलं. आई उच्चारायची, द्वारकाबाई गिरवायची. आईची जीभ 'ट'वर अडली की द्वारकाबाई म्हणायची, "सावकाश, बाई, घाई न्हाई." बोट 'ढ'ला वाकडं गेलं की आई खाटेवरून डोळे वटारायची. दोघी मिळून क पासून ज्ञ पर्यंत आल्या. एकीला वाचा आली, एकीला वाचता आलं. परिचारिका आमच्या खाटेला शाळा म्हणू लागल्या. मी इतकी वर्षं आईवर माया केली, पण तिचा अभिमान असा छाती भरून वाटला तो त्या आठ दिवसांत.

आईला शिरूरच्या घरी आणल्यावर मी पुण्याला परत गेलेच नाही. सकाळी आई पुन्हा माळ घेऊन बसू लागली. पहिला मणी आता द्वारकाचा नव्हता, आणि मी कान देऊन ऐकलं तर तिथं माझं नाव. मी हसले. "अगं, मी इथंच बसलेय की!"

आई म्हणाली, "बसलीस खरं. पण तुझं अर्धं मन अजून दाराबाहेर उभं हाय. ये की आत."

मला राग आला नाही याचंच नवल वाटलं. तिला सगळं ठाऊक होतं. मी दिवा लावताना कुकरकडे बघते हेही, आणि देवाला कायम पोस्टातल्या गिऱ्हाइकासारखं काचेपलीकडे ठेवते हेही. किती वर्षांपासून मी माळेत आहे, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू पुण्याला गेलीस तवापासून."

त्या उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या, द्वारकाबाईही आली, आणि आम्ही कपिलधारला गेलो. आई डाव्या हातानं काठी धरून आणि आता जरा बळ आलेला उजवा हात द्वारकाबाईच्या खांद्यावर टाकून एकेक पायरी उतरली. धार बारीक झाली होती, पण पडत होती. आई देवापुढे उभी राहिली. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि वाट बघत राहिली. माझ्या आत जे काही ताठ उभं होतं, जाब विचारणारं, ते त्या क्षणी खाली बसलं. मी म्हटलं, "हजर हाय, बाई."

मग आई देवाला म्हणाली, "सगळी आली." तिचा आवाज एवढा खणखणीत होता की मागच्या रांगेतली माणसं बघू लागली.

त्यानंतर आई सहा वर्षं जगली, भरभरून बोलत जगली. नव्वदीत, माळ संपवून चहा मागितला आणि गेली. तिला निरोप द्यायला इतकी माणसं आली की आमची गल्ली पुरली नाही. द्वारकाबाईनं सगळ्यांसमोर उभं राहून पोथीतलं पान वाचलं, बोट ठेवून, एकही अक्षर न चुकता.

आता माळ माझ्याकडे आहे. दसरा झाला की मी वस्तीवर जाते, नावं उतरवून आणते, रोज सकाळी एका मण्याला एक नाव घेते आणि बाकीचं देवावर सोपवते. आपण हाक मारत राहावी, आणायचं काम त्याचं, एवढंच मला कळलं आहे. परवा द्वारकाबाई शेजारी बसून ऐकत होती. माळ संपल्यावर म्हणाली, "ताई, समद्यांची नावं घेतली. बाईंचं न्हाई घेतलं?"

मी म्हटलं, "जी हजर आहे, तिला कशाला हाक मारायची?"