कोंबड्यांच्या आवारातले खडे

बुलॉक क्रीकला टपाल घेऊन जाणारा मी एकटाच होतो. आठवड्यातून तीन फेऱ्या, फाटकांवरच्या चौतीस पेट्या, आणि बहुतेक रस्ता मातीचा. पत्रांबरोबर पाव, वर्तमानपत्र, ट्रॅक्टरचा पट्टा, कुणाच्या गोळ्या, कुणाचा निरोप, सगळं माझ्याच गाडीतून जायचं. आता ती फेरी बंद झाली, गाव म्हणण्याइतकीही घरं तिथे उरली नाहीत. पण डोळे मिटले की मला अजून एकेक फाटक क्रमाने दिसतं, आणि नोला पिकरिंगचं फाटक आलं की मन तिथे थोडं जास्त थांबतं.

नोला शिवणकाम करायची. आमच्या भागात नोलाने शिवलेला झगा घातल्याशिवाय नवरी चर्चची पायरी चढत नसे. माझ्या बायकोचा, थेल्माचा झगाही तिचाच. माप घेताना तोंडात टाचण्या असायच्या, तरी तोंड बंद नसायचं. टाचण्यांमधूनच साऱ्या गावाची खबर देई. तिचा नवरा डेस रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा आणि रविवारी कथिलाच्या जुन्या, बंद खाणींच्या ढिगाऱ्यांत स्फटिक शोधत फिरायचा. त्याचं आठवड्याचं बोलणं पोस्टकार्डावर मावलं असतं. एकच मुलगी, लिनेट. ती मात्र आईवर गेलेली.

त्र्याहत्तर साली लिनेट एकोणीस वर्षांची होती. शेजारच्या गावात नाच होता. आईने शिवलेला हिरवा झगा घालून ती रसेल टीगच्या गाडीतून गेली. रसेल शेजारचाच, लहानपणापासून घरात येणारा. परत येताना वळणावर कांगारू आडवा आला, रसेलने चाक फिरवलं आणि गाडी झाडावर गेली. रसेलचा पाय मोडला. लिनेट जागच्या जागी गेली.

रसेल दारू प्यायला नव्हता, गाडी जोरात नव्हती. पोलिसांनी तसं सांगितलं, डेसनेही सांगितलं. नोलाने शिवणयंत्रावर चादर टाकली, दोन नवऱ्या मुलींचं अर्धवट कापलेलं कापड माझ्याकरवी परत पाठवलं, आणि टपाल घ्यायला फाटकापर्यंत यायचं बंद केलं.

डेसला समजेना काय करावं. तो दर रविवारी एक चांगला खडा आणायचा, धुऊन पुसून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा. सोमवारी सकाळी नोला उष्ट्याखरकट्याबरोबर तो खडा कोंबड्यांच्या आवारात फेकायची. दोघांपैकी कुणी एक शब्द काढत नसे.

"कालचाही गेला कोंबड्यांकडे," डेस मला फाटकाशी सांगायचा.

"मग ठेवतोस कशाला?"

"दुसरं काय ठेवू, क्लॅरी?"

दोन वर्षं हे असंच चाललं.

मग एका ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात, तीन दिवस पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी दहिवर पडलं. मी पोचलो तर नोला फाटकाशी उभी. मी ब्रेक इतक्या जोरात दाबला की मागचे पाव खाली आले. तिने ॲप्रनच्या खिशातून अंगठ्याएवढा धुरकट स्फटिक काढला.

"कोंबडी सकाळपासून याला टोचा मारत होती," ती म्हणाली. "शेवटी मलाच दया आली."

"कोंबडीची?"

"मग काय तुझी? फ्यूजची तार आहे का गाडीत?"

होती. मी सगळी गुंडाळी देऊन टाकली.

पहिल्या खेपेला त्या खड्याचं जे गळ्यातलं झालं ते बोकडाच्या गळ्यातल्या घंटेसारखं दिसत होतं. मी तसं म्हटलंही. तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि पुढच्या फेरीपर्यंत सात वेळा उसवून पुन्हा केलं. उसवून हा तिचाच शब्द. तिच्या लेखी तार म्हणजे दोराच होता. काठाला घालतात तसा टाका ती स्फटिकाभोवती घालत जायची, शेवटी कडी काढायची, टोक आत दडवायची. बोटांना भोकं पडली. फ्यूजची तार तुटायला लागली तशी तिने सिडनीहून चांदीची मागवली. ती पुडकी मीच आणायचो.

आणि मग खडे कमी पडले. एका शनिवारी डेस आणि ती दोघं कोंबड्यांच्या आवारात गुडघ्यांवर बसून दोन वर्षांचे रविवार उकरायला लागली. सोमवारी डेस मला रस्त्यातच आडवा आला. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं.

"क्लॅरी, आम्ही चार तास भांडलो!" त्याचा चेहरा फुलला होता. "मी म्हटलं, हा पुष्कराज आहे, वाटेल ते फेकून देतेस! तर ती म्हणते, बोलला असतास तर कळलं असतं. मी म्हटलं, विचारलंस का? चार तास, लेका!"

असं ते सुरू झालं. खिडकीतल्या ओट्यावर पक्कड, कानस आणि तारेची गुंडाळी येऊन बसली. जत्रेत तिने टेबल मांडलं. किनाऱ्याकडून आलेली एक अनवाणी बाई खडा छातीशी धरून म्हणाली, हा दुःख शोषून घेतो.

"घेत असेल बाई," नोला म्हणाली. "पण दोन वर्षं कोंबड्यांच्या घाणीत होता. आधी धुऊन काढ."

परतताना माझ्या गाडीत मात्र ती आपणहून बोलली. "दगड काय करतो मला ठाऊक नाही. पण तार वळवताना डोक्यात दुसरं काही येत नाही. टाका संपेपर्यंत तरी नाही."

ऐंशी सालच्या मार्चमध्ये हेदर नावाच्या शिक्षिकेने मला विचारलं, मिसेस पिकरिंगकडे सोडाल का? लग्नासाठी गळ्यातलं करून घ्यायचं होतं. नवरा कोण हे मला ठाऊक होतं. तोंड उघडायला हवं होतं, पण उघडलं नाही.

नोलाने आम्हा दोघांना चहा दिला, हेदरला उभं केलं आणि सवयीने मापाची टेप काढली.

"मान छान आहे. नवरा कुठला?"

"इथलाच. रसेल टीग."

नोलाने टेप हळूहळू हातावर गुंडाळली.

"मला जमायचं नाही."

"सगळं ठाऊक असूनच आलेय," हेदर म्हणाली. ती जागची हलली नाही. "मी इथे आलेय हे त्याला माहीत नाही. तुमच्या फाटकासमोरून जाताना तो गाडी हळू करतो, आणि मग घरी पोचेपर्यंत बोलत नाही. प्रत्येक वेळी. मला वाटलं, तुम्हीच काही कराल."

नोला पाठमोरी उभी होती. आम्ही निघालो. गाडीत हेदर रडली, आणि मी माझ्या बावळटपणाला शिव्या देत राहिलो.

तीन आठवड्यांनी नोलाने मला एक पाकीट दिलं. वर रसेलचं नाव, तिकीट नाही.

"तिकीट?"

"तीन मैलांना तिकीट कसलं? हातात दे."

रसेलने ते माझ्यासमोरच फोडलं. दोनच वाक्यं होती. 'गळ्यातलं तयार आहे. घ्यायला तू ये.'

शनिवारी तो गेला. पुढचं मला थोडं डेसने सांगितलं, थोडं नोलाने. तो टोपी हातात घेऊन फाटकाशी इतका वेळ उभा राहिला की शेवटी डेस भाजीच्या वाफ्यातून ओरडला, "आत जा रे! कुत्रं चावत नाही, आणि तीही नाही!"

नोलाने त्याला बसवलं, चहा ओतला, भोपळ्याचे मऊ स्कोन-पाव पुढे ठेवले. तो म्हणाला, "मिसेस पिकरिंग, मी..." तिने हात वर केला.

"ते नको. ते मला सगळ्यांनी सांगितलंय. त्या संध्याकाळी ती काय काय करत होती ते सांग. सगळे शेवटचंच सांगतात. त्याच्या आधीचं मला कुणी सांगितलंच नाही."

रसेल म्हणाला, तिने मटणाचे तीन पॅटिस खाल्ले, सॉस हनुवटीपर्यंत. सत्तरीच्या म्हाताऱ्या हॅनरहनबरोबर कुणी नाचत नव्हतं म्हणून दोनदा नाचली, आणि त्यानेच पाय देऊन झग्याचा काठ उसवला.

"मग?" नोला पुढे वाकली.

"मग तिने हॉलच्या चिटणिसाकडून स्टेपलर आणला आणि काठ स्टेपल केला. मला म्हणाली, आईला सांगशील तर बघ, तिला फेफरं येईल."

"स्टेपलर?" नोला म्हणाली. "माझ्या शिवणीला स्टेपलर?"

आणि ती हसली. डेस म्हणाला, त्याने कुदळ टाकली आणि धावत आला, कारण तो आवाज त्याने सात वर्षांत ऐकला नव्हता. आत येऊन बघतो तर दोघंही टेबलावर डोकं टेकून रडत होती, आणि नोला मध्येच "स्टेपलर" म्हणून पुन्हा हसत होती.

लग्नाला ती आणि डेस तिसऱ्या रांगेत बसले. हेदरच्या गळ्यात धुरकट स्फटिक होता, चांदीचा टाका इतका बारीक की दिसू नये. "गळ्यातलं ठीक आहे," नोला थेल्माला कुजबुजली, म्हणजे अर्ध्या चर्चला ऐकू गेलं. "पण झग्याची शिवण बघवत नाही." यंत्रावरची चादर मात्र तिने कधीच काढली नाही. तेवढं झालं नाही ते नाहीच.

पुढे गुरुवारी दुपारी हॉलमध्ये बायका तिच्याकडे शिकायला यायला लागल्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा मुलगा शहरात जाऊन पत्र न टाकणारा. नोला कुणाला काही विचारत नसे. तार हातात देई आणि चुकलं की ओरडे. तिथे हसण्याचा आवाज इतका असायचा की मी टपाल द्यायच्या निमित्ताने मुद्दाम रेंगाळायचो. चौऱ्याण्णव साली ती गेली, डेस पुढच्याच हिवाळ्यात. रसेलने दोघांना खांदा दिला.

परवा दवाखान्यात गेलो होतो. नर्सच्या गळ्यात तारेत गुंफलेला एक पुष्कराज होता. टाका मी लगेच ओळखला.

"हे कुठून आणलंस, पोरी?"

"आजीचं आहे. का हो?"

"हे नोला पिकरिंगने केलंय. मी सांगतो तुला, तिच्या कोंबड्या..."

"आधी गप्प बसा बघू," ती म्हणाली, "रक्तदाब मोजतेय."

पट्टा सुटल्यावर ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हं, आता सांगा."