नऊ मिनिटांची बादली

"सगळ्यात शेवटी कोण आंग धुते?"

मिस्त्री आमच्या बाथरूममधून ओरडला. आवाज असा की प्रताप नगरातले निम्मे कुकर शिट्टी गिळून बसले. खोटं सांगत असेन तर माझ्या नळाला पाणी न येवो.

"अहो, गिझर कोणता घेऊ ते सांगा!"

"ते मंग! शेवटी कोण?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मी."

"तेच तं!" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की फाशीच तेवढी बाकी होती. मग कानावरची पेन्सिल काढून फरशीवर गणित मांडलं. "हिवाळ्यात नळाचं पाणी पंधरा डिग्री, अंगाले पायजे चाळीस. तीन किलोवॅटचा गिझर मिनिटाले पावणेदोन लिटर देईन. जास्ती मागसान तं कोमट. एक बादली, नऊ मिनिटं. तुमी पाच जण, पाऊण तास. शेवटच्या माणसाजवळ नऊ मिनिटं उरते काय, भाऊ?"

असे हिशोबी मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. पण हा प्रश्न कुणी विचारत नाही. पूर्वी तोही विचारत नसे.

त्याच्या बायकोची छाती नाजूक. डॉक्टरांनी थंड पाणी बंद केलं, म्हणून त्याने घरी गिझर बसवला. तो, तीन पोरं आणि ती, पाऊण तास. पण आंघोळीशिवाय ती चुलीला हात लावत नसे, आणि नंबर मात्र सगळ्यांच्या मागे. एकदा पाना विसरला म्हणून तो परतला, तर गिझरचा दिवा बंद आणि आत पाणी ओतल्याचा आवाज.

"काहून वं? गिझर बंद काहून?"

"पोरं डब्यासाठी उभी आहेत न जी. नऊ मिनिटं कोठून आणू?"

दोन हिवाळे ती थंड पाण्यानेच न्हात होती. त्या दिवसापासून घरात तिचा नंबर पहिला झाला, आणि हा घरोघर ओरडू लागला.

आमचा गिझर लागला त्याच थंडीत मिस्त्रीची बायको गेली.

मी त्याच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती. पोरांनी शेवटच्या आंघोळीला नळाची बादली भरून आणली. त्याने ती मोरीत उपडी केली, गिझर लावला आणि बारीक धारेखाली रिकामी बादली ठेवून उभा राहिला.

बाहेरून कुणी म्हातारा ओरडला, "आटपा गा! माणसं खोळंबून राहिली!"

लाल दिव्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "नऊ मिनिटं लागतात."