मागे बघ, असं ओरडणाऱ्या मुली

रविवारी दुपारी वसतिगृहाच्या मेसमध्ये मोर्चाच्या पत्रकांच्या घड्या घालता घालता आम्ही तो जुना, मुखवटेवाल्या खुन्याचा सिनेमा पुन्हा लावला. बायकांना कापून गल्ला भरणाऱ्या असल्या सिनेमांवर माझा राग आहे, आणि तो राहणारच. पण पडद्यावरची पोरगी जिना चढायला लागली आणि सगळी मेस ओरडली, "अगं बाई, मागे बघ!"

सगळ्यात मोठा आवाज वैशालीचा होता. एक माणूस रोज आपला पाठलाग करतो, असं तिने मागच्या महिन्यात रेक्टरबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "भास असेल तुझा." तेव्हापासून ती गप्पच होती.

पडद्यावरच्या पोरीला आमच्यातली एकही "भास असेल तुझा" म्हणाली नाही. म्हणूनच हा सिनेमा जुना होत नसावा. ती घाबरली की सगळ्यांना खरं वाटतं, ती वाचली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

सिनेमा संपल्यावर वैशाली म्हणाली, "माझ्यासाठीही ओरडा की गं कुणीतरी."

"उद्या सगळ्याच येतो पोलीस चौकीत," मी म्हणाले.

मेसच्या मावशींनी पदर खोचला. "मी पण येते. लाटणं घेऊ का?"

वैशालीने त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी दुसरी पोळी मागून घेतली.