क्लोस थांबत नाहीत

हाइनरोडा गावात दोन दारे समोरासमोर आहेत. एक ऑपेरागृहाचे, ज्याला चार दगडी खांब आहेत. दुसरे 'काळे अस्वल' या खाणावळीचे, ज्याला एकच पायरी आहे आणि तीही मध्यभागी झिजलेली आहे. ओटिलीबाई हाउशिल्ड यांनी अठ्ठेचाळीस वर्षे या दुसऱ्या दारामागे, चुलीपुढे उभ्याने काढली.

त्यांचे वडील समोरच्या ऑपेरागृहात पडदा ओढण्याचे काम करीत. ते युद्धावरून परत आले नाहीत. ओटिलीबाई पंधराव्या वर्षी आपल्या काकांच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांनी एकही ऑपेरा आरंभापासून शेवटापर्यंत पाहिला नव्हता, कारण समोर पडदा वर जाई तेव्हा यांच्या भांड्यांना आधण येई. तरीही प्रत्येक ऑपेरा किती मिनिटांचा, कोणता अंक कुठे लांबतो, हे त्यांना तोंडपाठ होते. त्याचे कारण घंटा.

गावावर सरदारांचे राज्य होते त्या काळापासून ऑपेरागृहाच्या मागच्या दारातून एक तार रस्ता ओलांडून खाणावळीच्या स्वयंपाकघरात आली होती. तारेच्या टोकाला कोठीच्या दारावर पितळी घंटा होती. मोठे कर्णे वाजविणाऱ्यांना कित्येकदा अख्ख्या अंकात एकही सूर नसतो. ते लोक काळ्या कोटात खाणावळीत येऊन बसत. त्यांची वेळ जवळ आली की मागच्या दाराचा पहारेकरी तार ओढी, घंटा वाजे, आणि ते तोंड पुसून धावत सुटत. कितीतरी भरलेली ताटे त्या घंटेने ओटिलीबाईंच्या डोळ्यांदेखत थंड केली होती. घंटेविषयी त्यांचे मत चांगले नव्हते.

क्लोस म्हणजे बटाट्याचे गोळे, मोठ्या माणसाच्या मुठीएवढे. दोन हिस्से कच्चा बटाटा किसायचा, कापडी पिशवीत भरायचा आणि लाकडी दाबयंत्राचा स्क्रू फिरवून त्याचे पाणी पार काढायचे. पाण्याच्या तळाशी बसलेले सत्त्व पुन्हा किसात घालायचे. उरलेल्या एका हिश्श्याची उकळती लापशी त्यावर ओतायची, मधोमध लोण्यात तळलेले पावाचे तुकडे ठेवायचे, आणि वीस मिनिटे न खळखळणाऱ्या पाण्यात सोडायचे. किस थांबला तर काळा पडतो. शिजलेला गोळा थांबला तर घट्ट होतो. रविवारी दुपारी बारा वाजता, मांसाच्या गुंडाळीबरोबर आणि तांबड्या कोबीबरोबर तो खायचा असतो. हाइनरोडात यावर कोणाचा वाद नाही.

वाद बाहेरून येई. युद्धानंतर सरकारने खाणावळ ताब्यात घेतली. एकोणीसशे बहात्तर साली जिल्ह्याचा निरीक्षक आला आणि त्याने हुकूम काढला की सर्व सरकारी खाणावळींनी तयार पीठ वापरावे. ओटिलीबाईंनी पीठ उघडलेच नाही. त्यांची बदली कारखान्याच्या उपाहारगृहात झाली. चौदा महिने त्यांनी तिथे फक्त कांदे चिरले आणि एकदाही अर्ज केला नाही. शेवटी गायकांनीच ओरड करून त्यांना परत आणविले. परत आल्या त्या दिवशी त्यांनी आधी दाबयंत्राच्या स्क्रूला चरबी लावली आणि मग कोट काढला.

पूर्व-पश्चिम असा फाटलेला देश एक झाला, सरकारी पाटी उतरली, खाणावळ घराण्याकडे परत आली. ओटिलीबाईंचा भाऊ वारला होता, म्हणून ती त्याच्या मुलाकडे, म्हणजे त्यांच्या भाच्याकडे, फोल्कमारकडे गेली. फोल्कमार कष्टाळू आणि भिडस्त माणूस. पश्चिमेकडची एक प्रवासी कंपनी 'ऑपेरा आणि गावचे जेवण' अशी सहल काढीत होती आणि तिला हाइनरोडात एक खाणावळ हवी होती. कंपनीच्या लांगेनबाखबाई हिवाळ्यात येऊन स्वयंपाकघर पाहून गेल्या. त्यांना सगळे पसंत पडले, फक्त दाबयंत्र पसंत पडले नाही.

"फारच छान आहे हो," त्या म्हणाल्या. "बाहेर दिवाणखान्यात ठेवा. वर सुकलेली फुलं लावा. लोक फोटो काढतील."

"आणि पाणी कशात काढू? फुलदाणीत?" ओटिलीबाईंनी विचारले.

लांगेनबाखबाई हसल्या. पाकिटातले तयार पीठ आणि एक वाफेचे कपाट, एवढ्याने चाळीस माणसे अर्ध्या तासात जेवतात, असे त्यांनी समजावले. बाकीच्या गावांत तसेच चालते. मे महिन्यातल्या एका रविवारी चव्वेचाळीस प्रवाशांची एक बस येईल. ती सुरळीत जेवून वेळेवर ऑपेरात बसली तर पुढची तीन वर्षे दर रविवारी बस येईल.

त्या गेल्यावर फोल्कमारने आत्यासमोर हात जोडायचेच बाकी ठेवले होते.

"आत्या, त्या दिवशी जमवून दाखव. नाही जमलं तर मी कपाट आणणार. मग ते यंत्र गेलं बाहेर."

"जमवून दाखवीन," ओटिलीबाई म्हणाल्या. "पण किसून, दाबून. आणि लोक कधी बसणार हे पक्कं कळल्याशिवाय एक गोळा पाण्यात जाणार नाही, हे लिहून घे."

ठरल्याप्रमाणे बस त्या रविवारी साडेअकराला यायची होती आणि ऑपेरा तीनला होता. सकाळी सोळा किलो बटाटे सोलून पाण्यात पडले होते. मांसाच्या गुंडाळ्या शिजल्या होत्या, कोबी मुरला होता. बारा वाजले. पावणेएकला दूरध्वनी आला की बस महामार्गावर अडकली आहे, पुढे अपघात आहे.

"किसायला घेऊ या का?" फोल्कमारने विचारले.

"बटाटे पाण्यात आहेत. पाण्यात त्यांना कसलीही घाई नाही."

दोन वाजून वीस मिनिटांनी बस दारात उभी राहिली. प्रवासी आखडलेले, उपाशी आणि ऑपेरासाठी नटलेले होते. लांगेनबाखबाई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या.

"किती मिनिटांत वाढता?"

"दीड तासात," ओटिलीबाई म्हणाल्या.

"अहो, चाळीस मिनिटांत पडदा वर जातोय!"

त्यावर फोल्कमार कोठीत गेला आणि टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यामागून त्याने एक खोके बाहेर काढले. खोक्यात तयार पिठाची पाकिटे होती. तो आत्याकडे न पाहता म्हणाला, "मी ठेवली होती. लागलीच तर म्हणून."

ओटिलीबाईंनी खोक्याकडे पाहिले आणि मग भाच्याकडे पाहिले. त्या खोक्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. बाई ठेंगणी होती, पण चूल आणि खोके यांच्यामध्ये जागाही फार नव्हती.

"माझ्या चुलीवर हे उघडायचं असेल तर आधी मला उचलून रस्त्यावर ठेव. पाठीला जपून. मी दिसते तेवढी हलकी नाही."

"आत्या, लोक उपाशी आहेत गं!"

"ते मला कळतं. म्हणून तर त्यांना भलतंसलतं घालणार नाही."

आणि मग त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांत कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. ॲप्रनसकट त्या दिवाणखान्यात गेल्या आणि एका रिकाम्या पिंपाजवळ उभ्या राहिल्या.

"मंडळी, तुमच्या ताटातले क्लोस अजून बटाटे आहेत," त्या म्हणाल्या. "आत्ता प्रत्येकाला सॉसेजचा एक तुकडा, पाव आणि मोहरी मिळेल. खा आणि समोर जा. पहिला अंक पाऊण तास आणि अर्धा तास, असा सव्वा तासाचा आहे. मध्यंतर तीस मिनिटांचं आहे. तुम्ही या दारातून आत याल तेव्हा क्लोस पाण्यातून वर आलेले असतील."

 मग कोपऱ्यातून एक लठ्ठ गृहस्थ, निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाले, "पण बाई, सव्वाचार वाजता? सव्वाचारला माणूस कॉफी आणि केक घेतो!"

सगळे हसले. ओटिलीबाईंना मात्र हा घाव लागला, कारण ते गृहस्थ खरे बोलत होते. रविवारी चारला क्लोस खाणाऱ्या माणसाबद्दल त्या स्वतः काय बोलल्या असत्या, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं ऐकलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. पण घड्याळ चुकलं तर एक दिवस चुकतं. क्लोस चुकला तर तुम्ही घरी जाऊन सांगाल की हाइनरोडाचा क्लोस असाच असतो. ते मी होऊ देणार नाही."

पोस्टमास्तरांनी थोडा विचार केला आणि सॉसेज मागितले.

पावणेतीनला दिवाणखाना रिकामा झाला. तेवढ्यात ट्राउगोट काळ्या कोटात आत आला. तो मोठा कर्णा वाजवी, आणि पहिल्या अंकात त्याला एकही सूर नव्हता.

"ओटिली, आज बिअर नंतर. सूप आहे का?"

"कोट काढ. स्क्रू फिरव."

"कशाला?"

"चव्वेचाळीस माणसांसाठी. बाह्या वर कर, बोलत बसू नकोस."

किसणीचे यंत्र घरघरू लागले. फोल्कमार पिशव्या भरीत होता, ट्राउगोट स्क्रू फिरवीत होता, आणि पाणी घमेल्यात पडत होते. मग ओटिलीबाईंच्या मनात एक विचार आला आणि त्या थांबल्या.

"ट्राउगोट, आजच्या ऑपेरात वधूची मिरवणूक रंगमंचावर आली की अंकाला वीस मिनिटं उरतात ना?"

"वाद्यवृंदाच्या जुन्या संचालकाच्या हाताखाली वीस. हा नवा तिथे चोवीस घेतो. दर वेळी. गाणाऱ्यांचा श्वास जातो, पण त्याची काठी काही हलत नाही."

"नक्की चोवीस?"

"तीन तालमी मी घड्याळ हातात धरून झोपलोय."

"मग पळत जा, पहारेकऱ्याला सांग. मिरवणूक आत आली की माझी घंटा ओढायची. आजपर्यंत त्या घंटेनं माझी माणसं पळवली. आज एकदा ती माझ्यासाठी वाजू दे."

ट्राउगोट बटाट्याच्या हातांनीच पळाला.

चारला पाच कमी असताना अठ्ठ्याऐंशी गोळे ओल्या फळीवर ओळीने तयार होते आणि तीन मोठ्या भांड्यांत खारे पाणी थरथरत होते. घंटा वाजली नाही. चार वाजले.

"आत्या, सोड. सव्वाचारला ते दारात असतील!"

"घंटा वाजली नाही."

"पहारेकरी विसरला असेल! झोपला असेल!"

"तर मग मी चुकले. पण ते समजण्याआधी मी सोडणार नाही."

लांगेनबाखबाई दारात उभ्या राहून घड्याळ पाहत होत्या. चार वाजून तीन मिनिटांनी पितळी घंटा खणखणली. फोल्कमारने फळी उचलली. ओटिलीबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"चार मिनिटं."

"आत्या, आता काय झालं?"

"नवा संचालक झाला. ठेव ती खाली."

ती चार मिनिटे फोल्कमारला चौदा महिन्यांसारखी गेली असावीत. लांगेनबाखबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडले आणि केव्हाच परत आलेल्या ट्राउगोटने त्यांच्या हातात ताटांची चळत दिली. चार वाजून सात मिनिटांनी गोळे पाण्यात उतरले. एकही फुटला नाही.

चार सत्तावीसला समोरचे मोठे दार उघडले. रेशमी झगे आणि काळे कोट रस्ता ओलांडून आले, आणि ते आत बसत असतानाच क्लोस पाण्यावर येऊन गोल फिरू लागले. ओटिलीबाईंनी झारा घेतला. पोस्टमास्तरांनी पहिला क्लोस जाणकार फाडतात तसा काट्याने फाडला, सुरीने कापला नाही, आणि हे ओटिलीबाईंनी दुरूनच पाहिले. आतल्या तळलेल्या पावापर्यंत पोहोचल्यावर ते थांबले आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "माझी आजी इकडच्याच ताम्बाख गावची होती. बोलू नका थोडा वेळ."

घंटा पुन्हा वाजली, दुसऱ्या अंकासाठी. सहा माणसे उठली नाहीत. लांगेनबाखबाई त्यांच्यामागे हात जोडून फिरत होत्या.

"उठा," ओटिलीबाई टेबलाशी येऊन म्हणाल्या. "माझं जेवण पोटात घेऊन समोरच्या लोकांना रिकाम्या खुर्च्या दाखवू नका. माझे वडील तिथला पडदा ओढायचे."

ते उठले.

स्वयंपाकघरात लांगेनबाखबाई आल्या, तेव्हा त्यांच्या हातात अजून रिकामे ताट होते, आणि ते त्यांनी स्वतः पावाने पुसून खाल्ले होते.

"जेवण उत्तम होतं, हे मी मान्य करते," त्या म्हणाल्या. "पण असं दर रविवारी चालणार नाही. आमच्या वेळापत्रकात यासाठी रकाना नाही."

"मग नवा आखा. पट्टी देते."

कंपनीने रकाना आखला नाही. जूनमध्ये पत्र आले की वाफेचे कपाट बसविल्यास कराराचा अवश्य विचार होईल. फोल्कमारने ते दोनदा वाचले आणि आत्यापुढे ठेवले. मग तो कोठीत गेला, पिठाचे खोके खांद्यावर घेतले आणि ते परत करायला दुकानाकडे निघून गेला.  संध्याकाळी ओटिलीबाईंनी पाहिले, तो दाबयंत्रापुढे गुडघ्यावर बसला होता आणि स्क्रूला चरबी लावीत होता, जरा जास्तच.

पत्राचे उत्तर त्यांनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, पेन घट्ट धरून, आपल्या हाताने लिहिले:

'बटाटे सोललेले आहेत. तुम्ही आलात की किसू. ओ. हाउशिल्ड.'